खिशातले हात

आत्याचे हात रिकामे आहेत, असं दृश्य तिच्या भावाच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. टीव्ही बघताना ती मटार सोलायची, फोनवर बोलताना कपड्यांच्या घड्या घालायची, आणि काहीच हाताशी नसलं तर शेजारी बसलेल्याच्या शर्टाचं बटण घट्ट आहे का, ते ओढून बघायची. एके काळी ती विमा कचेरीत टायपिस्ट होती. साहेबांचं वाक्य त्यांच्या तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत आत्याच्या कागदावर उमटलेलं असायचं, असं तिथले लोक सांगतात. पुढे साहेब निवृत्त झाले, टायपरायटर भंगारात गेले, आत्याही घरी आली. बोटं मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती.

स्वतःचा संसार तिने मांडला नाही. का, असं विचारणाऱ्याला "वेळच मिळाला नाही" एवढं सांगून ती गप्प करायची, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. भावाची दोन मुलं, एक भाचा आणि एक भाची, तिच्याच हाताखाली मोठी झाली. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिने दोघांना. भाचा आता चांगला मिशीवाला झाला होता, लग्नही झालं होतं त्याचं, तरी रोज सकाळी "आत्या, माझे मोजे!" अशी आरोळी घरभर घुमायची आणि आत्या ते नेऊन द्यायची. त्याची नवी बायको हे बघून कपाळाला हात लावायची.

तर अशी ही आत्या परदेशी निघाली. भाचीने तिला फोनवर एक जाहिरात दाखवली होती. हातापायांनी अधू असलेल्या लहान मुलांच्या केंद्रात तीन महिने काम, पगार नाही, राहायची सोय तिथल्याच एका कुटुंबात, वयाची अट नाही. भाचीने दाखवली ती गंमत म्हणून, आत्याने अर्ज केला तो मात्र अगदी मनापासून. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन तिने तिथली भाषा कामापुरती गिरवली आणि एक दिवस बॅग भरायला घेतली.

"पण तू तिथे करणार काय?" भावाने विचारलं. "तुला घटकाभर नुसतं बसवत नाही."

"मुलं सांभाळणार."

"परक्या देशात जाऊन?"

"नाक पुसायला भाषा लागत नाही, दादा. आणि मुलं सांभाळण्यात माझा हात कोण धरतंय ते मला बघायचंच आहे."

एवढी घमेंड घेऊन ती विमानात बसली. घमेंड म्हणा, अभिमान म्हणा. त्या वेळी दोन्हीत फारसा फरक नव्हता.

ज्या घरात तिची सोय झाली, तिथली बाई शहरातली बस चालवायची. भरभक्कम अंगाची, हसली की खांदे हलायचे. नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बोलायला अतिशय कंजूष होता. आत्याने मनातल्या मनात दोघांचं बारसं करून टाकलं, ड्रायव्हरबाई आणि लिफ्टवाले. लिफ्टवाल्यांच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि घर होतं चौथ्या मजल्यावर. ह्या गोष्टीवर हसायची चोरी, म्हणून आत्या जिन्यात एकटी असताना हसून घ्यायची. दोघांची मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली होती, तिची खोली आत्याला मिळाली. खिडकीखाली हीटर, भिंतीवर काढून टाकलेल्या चित्रांचे फिकट चौकोन, आणि दारामागे त्या मुलीचा जाडजूड कोट. थंडी अशी की तो कोट आत्याने पहिल्याच दिवशी अंगावर चढवला.

त्या कोटाची चेन खालच्या टोकाला अडायची. आत्या खटपट करतेय असं दिसताच ड्रायव्हरबाई वाकल्या, झर्रकन चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि आत्याच्या छातीवर थोपटलं. आत्याला भरून आलं. आई गेल्यापासून तिचं बटण कुणी लावलं नव्हतं. मग ते रोजचंच झालं. कप विसळायला घेतला की ड्रायव्हरबाई तो हातातून काढून घ्यायच्या. "तुम्ही पाहुण्या!" डबा भरलेला तयार, बूट दारात जोडीने मांडलेले, बसमधल्या सहकाऱ्यांना ताकीद दिलेली की ह्या बाईंना अमुक थांब्यावर उतरवा. आत्या मनात म्हणायची, माहेर म्हणजे आणखी वेगळं काय असतं!

केंद्र एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. मुलांच्या उंचीच्या खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र, खाली ठेंगणं बाकडं, आणि सगळीकडे साबणाचा नि ओल्या लोकरीचा वास. तिथल्या प्रमुख बाई ताडमाड उंच होत्या आणि हळू बोलायच्या. त्यांनी आत्याला एप्रन दिला. पोटाशी आरपार मोठा खिसा होता त्याला.

"ह्यात सगळ्यात कामाचा हा खिसा," उंच बाई म्हणाल्या. "बाकीच्या कशा वापरतात ते बघा, कळेल."

आत्याने बघितलं कुठे? खिसा दिसल्याबरोबर तिने तो भरला. रुमाल, सेफ्टीपिना, कंगवा, रबरबँडं, सुईदोरा, रडक्यांसाठी लिमलेटच्या गोळ्या. खिसा असा टम्म फुगला की मुलं येता जाता त्यावर हात फिरवायची. बाकीच्या बाया आणि एक दाढीवाले मास्तर मात्र खिशात हात घालून उभे असायचे. पोरं बुटाशी झटताहेत, बाहीत हात सापडत नाही म्हणून गोल गोल फिरताहेत, आणि हे लोक आपले उभे! आत्याचा तिळपापड झाला. काय ही कामचुकार माणसं! परक्या घरी तोंड उघडायचं नाही म्हणून ती गप्प राहिली आणि त्यांच्या वाटचंही काम तिने उरकायला सुरुवात केली. अंगणात खेळायला जायची वेळ झाली की आत्या बाकड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. बूट, कोट, टोपी, पुढचा. पूर्वी ज्याला अर्धा तास लागायचा ते आता चुटकीसरशी होऊ लागलं. मुलांनी तर तिला डोक्यावर घेतलं. तिच्या भाषेतलं "आत्या" सगळ्यांच्या तोंडी बसलं.

त्यातली एक भिंगरी. हे नाव आत्यानेच ठेवलं, कारण पोरगी एका जागी ठरत नव्हती, आणि पुढे केंद्रभर तेच चालू झालं. जन्मापासून तिचा डावा हात दुबळा, कोपरात दुमडलेला, मूठ अर्धवट मिटलेली. उजवा मात्र दोघांचं काम करायचा. भिंगरी बाकड्यावर बसायची, दोन्ही हात होतील तेवढे पसरायची आणि राणीसाहेबांच्या थाटात म्हणायची, "लाव!" आत्या चेन लावायची आणि वर नाकावर एक टिचकी मारायची. आत्याचा तिच्यावर खास जीव जडला, हे उघड होतं.

आणि मग एका सकाळी भिंगरीची आई उंच बाईंच्या खोलीत जाऊन बसली. ती बेकरीत काम करायची, पहाटपाळी संपवून तशीच आली होती, केसांत पीठ होतं. बाहेर आली तेव्हा आत्याकडे बघून कसनुसं हसली आणि निघून गेली. उंच बाईंनी आत्याला आत बोलावलं.

"भिंगरी घरी काहीच करेनाशी झालीय," त्या म्हणाल्या. "कोट पुढे धरला की म्हणते, आत्या लावते, तू लाव. तुम्ही यायच्या आधी ती निम्मी चेन स्वतः लावायची. टेबलाच्या कडेला पोट टेकवून. वर्ष गेलं होतं त्यात."

आत्याचा हात आपसूक फुगलेल्या खिशावर गेला.

"ह्या सत्राच्या शेवटी समोरच्या मोठ्या शाळेच्या बाई येतात. जी मुलं आपला कोट, बूट, पिशवी आपली सांभाळतात त्यांना त्या घेतात. तिथे वर्गभर मुलं आणि एकच शिक्षिका, त्यांचाही नाइलाज आहे. भिंगरीचा तो टोपीवाला दोस्त जाणार हे नक्की. भिंगरी राहिली तर आणखी एक वर्ष इथेच, लहानांमध्ये."

"मी तर…" आत्या म्हणाली आणि पुढचं वाक्य तिला ना त्यांच्या भाषेत सापडलं ना स्वतःच्या.

उंच बाईंनी आपले दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. "हा खिसा सामानासाठी नाही. ह्यासाठी आहे. आमचेही शिवशिवतात हो."

तोंडात मारल्यासारखी आत्या बाहेर आली. ज्यांना कामचुकार म्हणून मनातल्या मनात नावं ठेवली, ती माणसं सबंध दिवस राबत होती, आणि त्यांनी वर्षभर विणलेलं आपण काही आठवड्यांत उसवून ठेवलं. घरी जाताना बसमध्ये तिला रडू आलं. मग रागही आला, स्वतःचा, उंच बाईंचा, त्या मेल्या खिशाचा. सरळ परत जावं. दादा हसेल, हसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोट घालून दारात उभी राहिली आणि ड्रायव्हरबाई नेहमीसारख्या वाकल्या. आत्याने खाली बघितलं. तिचे स्वतःचे दोन्ही हात अंगापासून जरा दूर, पसरलेले होते. अगदी भिंगरीसारखे! आल्यापासून तिने त्या कोटाची चेन एकदाही लावली नव्हती, संध्याकाळी परतताना कोट नुसता पोटाशी घट्ट धरून यायची. मुलांच्या चेनी रोज लावत होती, पण ही अडणारी खाली कशी बसवायची हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. धडधाकट बाई, दोन्ही हात शाबूत.

"थांबा," आत्या म्हणाली. "मला लावू द्या."

"अहो, उशीर होईल तुम्हाला."

"होऊ दे."

चेन काही बसेना. ड्रायव्हरबाईंची बोटं पुढे आली, मागे गेली, परत पुढे आली. आत्याने आपली पाठच फिरवली त्यांच्याकडे. आतून लिफ्टवाले उठून आले आणि चहाचा कप हातात धरून मजा बघत राहिले. शेवटी खट् झालं आणि चेन वर आली. आत्या घामाघूम.

"माझं काही चुकलं का?" ड्रायव्हरबाईंचा चेहरा उतरला होता. "पाहुण्या माणसाला काम करू दिलं तर आम्हालाच बरं वाटत नाही."

"चुकलं नाही हो. तुम्ही माझे लाड केलेत. पण मी आता पाहुणी नको. मला भांडी घासू द्या. बस मला धरता येते. आणि वाटेत चुकले तर विचारत विचारत येईन."

"आणि हरवलात तर?"

"मग तुमचीच बस समोर येईल. हात करीन."

ड्रायव्हरबाईंचे खांदे हलले. लिफ्टवाले आत गेले, फडताळ उघडल्याचा आवाज झाला, आणि परत येऊन त्यांनी आत्याच्या तळहातावर घराची किल्ली ठेवली. "मुलीची आहे," एवढंच म्हणाले. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

केंद्रात गेल्यावर आत्याने आपला खिसा टेबलावर उपडा केला. कंगवा, पिना, गोळ्या, दोऱ्याची गुंडी, कुणाचा तरी पडलेला दात. दाढीवाले मास्तर म्हणाले, "दुकान बंद?" आत्या म्हणाली, "कायमचं." आणि तिने दोन्ही हात आत घातले.

भिंगरी बाकड्यावर बसली, हात पसरले. "लाव."

"तू लाव. मी इथे आहे."

पोरीला आधी हा खेळ वाटला. मग तिने ओठ काढला, मग कोट फेकला, मग जमिनीवर पडून पाय आपटले. "तू वाईट आहेस," ती म्हणाली. "मला तू नको." आत्याच्या काळजाला घरं पडली. भाच्याने, भाचीने, इतक्या वर्षांत कुणी तिला असं म्हटलं नव्हतं, कारण तसं म्हणायची वेळच तिने कुणावर आणली नव्हती. खिशात एका हाताने दुसरा हात धरून ठेवावा लागला. बाकीची मुलं अंगणात जाऊन खेळून परत आली, तरी ह्या दोघी बाकड्यापाशीच होत्या, एक खाली, एक उभी.

पुढचे कितीतरी दिवस असेच गेले. भिंगरी टेबलाच्या कडेला पोट टेकवायची, चेनीचं टोक बसवायला जायची, दुबळा हात घसरायचा, सगळं सुटायचं. आत्याची बोटं खिशात वळवळायची. ते टोक नुसतं बोटाने एवढंसं धरलं की झालं! एवढंसंच. पण तेवढंसंच तर करायचं नव्हतं. ती बोलत राहायची. "हां, जवळ आलं होतं. परत बघ." हळूहळू भिंगरीचं रडणं थांबलं आणि चिडणं सुरू झालं. आत्यावर चिडायची नाही आता, चेनीवर चिडायची. ते आत्याला फार आवडलं. खोटं कशाला सांगा, ह्या पोरीच्या रागाचा तिला मोठा अभिमान वाटायला लागला होता.

मोठ्या शाळेच्या बाई आल्या, तेव्हाही चेन धड बसत नव्हती. निम्म्या वेळा जमायची, निम्म्या वेळा नाही. बाई चष्मा लावून भिंतीपाशी खुर्चीवर बसल्या. भिंगरीचा दोस्त, सदा टोपी घालून वावरणारा, पायाला पट्टे असलेला, आपला आपला तयार होऊन दारात जाऊन उभा राहिला आणि वळून भिंगरीची वाट बघू लागला. काचेपलीकडे भिंगरीची आई होती, केसांत पीठ तसंच. भिंगरीने बूट चढवले. पिशवी जवळ ओढली. कोट घेतला आणि टेबलाकडे निघाली.

पहिल्यांदा टोक सुटलं. दुसऱ्यांदा सुटलं. आत्याचा जीव टांगणीला लागला. उंच बाई खिशात हात घालून खिडकीबाहेर बघत होत्या, कारण त्यांनाही बघवत नव्हतं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा भिंगरीने कोट काढला. संपलं, आत्याला वाटलं.

भिंगरीने तो कोट जमिनीवर पसरला. त्याच्या एका कडेवर गुडघा दाबून बसली. दुबळ्या हाताचं कोपर दुसऱ्या कडेवर रोवलं, आणि उजव्या हाताने टोक बसवलं. खट्. चेन छातीपर्यंत ओढली. आणि मग, हे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं, ती स्वेटरात शिरावं तशी खालून त्या कोटात शिरली. आधी दुबळा हात बाहीत, मग डोकं आत, मग दुसरा हात बाही शोधायला.

आणि तिथे अडकली. कोटाचं गाठोडं झालं, गाठोड्याला दोन पाय, आणि वरून एक रिकामी बाही इकडे तिकडे हलतेय. दोस्त हसायला लागला होता तो गप्प झाला. आतून घाबरलेला आवाज आला.

"आत्या!"

आत्याचं सगळं अंग पुढे गेलं. एक पाऊल पडलंसुद्धा. सगळं आयुष्य ह्या एका हाकेला ओ देण्यात गेलं होतं. ही हाक आली आणि आत्या जागची हलली नाही असं कधी झालंच नव्हतं. तिने खिशात मुठी अशा आवळल्या की एप्रनची शिवण उसवली.

"इथेच आहे मी," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. शब्द बरोबर आले. "डोकं वर. उजेड कुठे दिसतोय बघ. तिकडे जा."

गाठोडं थांबलं. मग ढुशा द्यायला लागलं. एकदा, दोनदा, आणि गळ्यातून आधी केस, मग कपाळ, मग लालबुंद झालेलं अख्खं तोंड बाहेर आलं. उजवा हात बाहीतून सुटला. तिने चेन पकडली आणि हनुवटीपर्यंत ओढली.

मोठ्या शाळेच्या बाईंनी चष्मा काढला. "असं घालतात कोट?" त्या उंच बाईंना म्हणाल्या.

"आजपासून घालतात," उंच बाई म्हणाल्या.

बाई हसल्या आणि त्यांनी मान डोलावली. भिंगरीने ते बघितलंसुद्धा नाही. पिशवी खांद्याला अडकवून ती दोस्तामागे अंगणात पळाली, आत्याकडे एकदाही वळून न बघता. टिचकीसाठी नाक पुढे करायला थांबली नाही की टाटा केला नाही. आत्या खिशात हात घालून त्या उघड्या दाराकडे बघत राहिली. तिचा ऊर असा भरून आला होता की दाढीवाल्या मास्तरांनी तिला बसायला बाकडं पुढे ओढलं.

त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या किल्लीने घर उघडलं. ड्रायव्हरबाईंना आणि लिफ्टवाल्यांना सगळी हकीकत सांगितली, अंगातला कोट डोक्यावर ओढून गाठोड्याची नक्कल करून दाखवली. लिफ्टवाले चक्क मोठ्याने हसले. मग तिने घरी फोन लावला.

"काय गं, परत यायची वेळ झाली तुझी," भाऊ म्हणाला. "काय केलंस तरी काय एवढे दिवस?"

"खिशात हात घालून उभी होते."

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही, दादा. जन्मात एवढं अवघड काम केलं नव्हतं. आणि जमलं मला!"

भाऊ काही बोलणार तेवढ्यात मागून भाच्याची आरोळी आली. "बाबा, आत्याला विचारा ना, माझं निळं स्वेटर कुठे ठेवलंय?"

आत्याला ठाऊक होतं. कपाटाचा मधला कप्पा, डावीकडे, चादरीखाली. डोळे मिटूनही दिसत होतं तिला ते स्वेटर. उत्तर अगदी ओठांवर आलं. फोन एका हातात होता. दुसरा तिने कोटाच्या खिशात घातला.

"त्याला सांग," आत्या म्हणाली, "शोध म्हणावं. सापडेल."